सुरतेचे पाखंडी

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसास प्रथम आठवते ती लूट. 1664 च्या जानेवारीत आणि पुन्हा 1670 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांच्या फौजांनी मोगलांचे हे धनाढ्य बंदर कसे धुऊन नेले, हे आपण शाळकरी वयातच पाठ करतो; पुढे 1907 च्या डिसेंबरात याच गावी काँग्रेसच्या मंडपात जोडा उडाला व जहाल-मवाळांची फारकत झाली, हेही आपल्या कानावर असते; आणि या दोन प्रसंगांबरोबर आपल्यापैकी बहुतेकांची सुरत संपते. या दोहोंच्या मधल्या काळात याच नगरीत मूठभर शाळामास्तरांनी आणि शास्त्र्यांनी धर्माच्या नावाने चालणाऱ्या सत्तेकडे चव्हाट्यावर पुरावा मागितला, त्यापायी ‘नास्तिक’ आणि ‘पाखंडी’ ही बिरुदे पत्करली, आणि त्यांतील एक प्रमुख गृहस्थ मराठी व्याकरणाचे आद्य कर्ते दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, ही हकीकत मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांनी फारशी मनावर घेतलेली नाही.

तो काळ सुरतेच्या पडतीचा होता. ज्या बंदरातून मोगल अमदानीत मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे सुटत, जेथे इंग्रजांनी आणि त्यांच्यामागोमाग डचांनी सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वखारी घातल्या, त्या बंदराचा व्यापार मुंबईने हळूहळू ओढून नेला होता. 1759 साली किल्ला आणि 1800 साली सगळा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेल्यावर नबाबाच्या पदरी मान आणि नेमणूक यांवाचून काही उरले नव्हते. त्यात 1837 च्या एप्रिलात लागलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरांची राख झाली, आणि त्याच वर्षी तापीच्या महापुराने आगीतून वाचलेल्यांच्या घरांत पाणी शिरले. अशा वेळी माणूस दैवाचा कौल मागतो आणि कौल लावणारांचा धंदा तेजीत येतो. गावात अंगात देव आणणारे भुवे होते, मांत्रिक होते, जोशी होते, मूठ मारणारे होते आणि मारलेली मूठ परतवणारेही होते. एकाच घरची दोन माणसे या दोन वर्गांत वाटली जाऊन दोन्ही बाजूंची दक्षिणा एकाच चुलीवर शिजत असेल, तर त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

या सर्वांहून बलवत्तर सत्ता होती ती नातीची, म्हणजे आपण जिला जात म्हणतो तिची. वैष्णव वाणी, जैन, नागर ब्राह्मण, पारशी, बोहरी अशा प्रत्येक समूहाचा आपापला पंच, आपापला दंड आणि आपापला वाद असे. पारशांनी तर 1745 साली पंचांगातील एका महिन्याच्या फरकावरून सुरतेतच आपले दोन पंथ करून घेतले होते, आणि त्या एका महिन्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. सरकार दिवाणी-फौजदारी पाही, महाजन बाजार पाही. पण कोणाच्या पंक्तीस कोण बसेल, कोणाची मुलगी कोण करील आणि कोणाच्या तिरडीस खांदा कोण देईल, हे नात ठरवी.

दुर्गाराम मंछाराम हे या नगरीतील वडनगरा नागर ब्राह्मण. जन्म 1809 चा. मुंबईस गुजरातीचे शिक्षक तयार करण्यास आरंभ झाला तेव्हाच्या पहिल्या तुकडीत ते शिकले आणि 1826 साली सुरतेस सरकारी शाळेवर आले. तेव्हापासून ‘मेहताजी’ ही शिक्षकाची संज्ञा त्यांच्या नावास जी चिकटली ती कायमची. त्यांच्या शाळेत बसलेल्या मुलांपैकी नर्मदाशंकर लालशंकर हा एक मुलगा पुढे कवी नर्मद म्हणून गाजला. शाळेत भूगोल शिकवताना पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही हे सांगावे लागते, आणि ग्रहण शिकवताना राहूची मध्यस्थी नाकारावी लागते. धर्मावर टीका करण्याचा संकल्प मेहताजींनी बहुधा कधीच केला नसेल, परंतु नकाशा भिंतीवर टांगल्याबरोबर टीका आपोआप झाली. इंग्रजी शाळेवर मुख्य शिक्षक म्हणून दादोबा पांडुरंग सुरतेस आल्यावर या गुजराती मेहताजीस जोडीदार मिळाला. दादोबांचे मराठीचे व्याकरण 1836 सालीच छापून निघाले होते; शब्दाला नियम लावणाऱ्या माणसाला रूढीचे अपवाद खटकावेत, हे क्रमप्राप्तच होते. 1842 साली या मित्रांनी पुस्तक प्रसारक मंडळी काढून शिळाछापाचे एक यंत्र आणवले. सुरतेत छापखाना नवा नव्हता, कारण लंडन मिशनरी सोसायटीचे पाद्री 1815 पासून येथे ठाण मांडून होते व गुजरातीत छापीत होते. पण तो छापखाना परक्यांचा होता. गावच्या माणसाने गावच्या माणसाविरुद्ध गावच्या भाषेत छापणे ही गोष्ट वेगळी होती.

मिशनऱ्यांचा उल्लेख येथे ओघाने झाला तरी तो महत्त्वाचा आहे. मुंबईस 1839 साली दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेविषयी आईबापांच्या मनात धास्ती होती. पाद्री मूर्तिपूजेवर तोंडसुख घेत, आणि त्यास उत्तर देऊ पाहणाऱ्या विचारी हिंदूची पंचाईत अशी होई, की पाद्र्याचे अर्धे म्हणणे त्यास आतून पटलेले असे. पाद्र्याचा पहिला अर्धा भाग स्वीकारावा, दुसरा नाकारावा, आणि आपल्या घराची झाडलोट आपणच करावी, हा मार्ग मेहताजी आणि दादोबा यांनी निवडला.

22 जून 1844 रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. तिचे पाच आधारस्तंभ दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर शास्त्री, दामोदरदास आणि दलपतराम हे होते. पाचांचीही नावे एकाच अक्षराने सुरू होतात म्हणून गुजरातेत त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणण्याचा प्रघात पडला. सभा आठवड्यातून एकदा भरे, कोणीही यावे, कोणीही बोलावे, ईश्वर, मूर्ती, जातिभेद, विधवांचे मुंडन, भूतपिशाच अशा विषयांवर वाद व्हावा आणि मेहताजींनी घरी जाऊन तो दप्तरी लिहून ठेवावा, असा शिरस्ता होता. मेहताजींच्या या टिपणांच्या आधारे महीपतराम रूपराम यांनी 1879 साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, म्हणूनच ही सभा आज आपल्याला दिसते. आपल्याकडे सुधारकांनी भाषणे पुष्कळ केली. परंतु विरोधकाने काय विचारले तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची ही मेहताजी-वृत्ती विरळा होय.

सभेचे सर्वांत गाजलेले कृत्य म्हणजे मांत्रिकांना दिलेले आव्हान. ज्या कोणास मंत्राने माणूस मारता येतो, भूत घालता किंवा काढता येते, मूठ फेकता येते, त्याने सभेपुढे येऊन ते करून दाखवावे, असे जाहीर करण्यात आले. या आव्हानाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. मेहताजींनी मंत्रशास्त्र खोटे आहे असा सिद्धान्त मांडून त्याच्या पुष्टीस शास्त्रवचने दिली असती, तर समोरच्या शास्त्र्याने दुप्पट वचने दिली असती आणि वाद काशीपर्यंत गेला असता. त्यांनी तसे काहीच केले नाही. तुमची विद्या खरी असेल तर फायदा तुमचाच आहे, एवढेच म्हटले आणि सिद्ध करण्याचा बोजा दावा करणाराच्या माथी ठेवला. दिवाणी अदालतीत फिर्यादीनेच आपला दावा शाबीत करावा लागतो, ही गोष्ट तोवर सुरतेच्या सावकारांना चांगली अवगत झाली होती. मेहताजींनी तोच दस्तूर भूतपिशाचांना लागू केला. कोणाचीही मूठ सभेपुढे चालली नाही. पुढे विसाव्या शतकात केरळी परंपरेचे, श्रीलंकेत स्थायिक झालेले डॉ. अब्राहम कोवूर यांनी लाख रुपयांचे आव्हान दिले, आणि महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चमत्कार सिद्ध करणारास एकवीस लाखांचे पारितोषिक जाहीर केले. त्या सर्व इनामांची वंशावळ शोधू लागलो तर ती या निर्धन मेहताजीच्या सभेपर्यंत येऊन पोहोचते.

तथापि या मंडळींना नास्तिक म्हणणे शास्त्रार्थाने चूक होते, हेही येथेच नमूद केले पाहिजे. दादोबांनी सुरतेच्या वास्तव्यातच, 1843 साली, ‘धर्मविवेचन’ हा लहानसा ग्रंथ लिहिला. ईश्वर एकच असून तोच पूज्य. त्याच्यावरील प्रीती हे धर्माचे सार. आध्यात्मिक धर्म सर्वांचा एकच. प्रत्येकास विचाराचे स्वातंत्र्य. आचरण विवेकाला धरून असावे. मनुष्यमात्राची जात एकच. आणि ज्ञान सर्वांस मिळावे, अशा सात तत्त्वांचा त्यात पुरस्कार आहे. यात देव नाकारलेला कोठेच नाही. उलट तो पहिल्याच कलमात बसवलेला आहे. मग गाव खवळले कशाने? चार्वाकाने आत्माच नाकारला, परलोकच नाकारला. त्याचे म्हणणे दर्शनग्रंथांत पूर्वपक्ष म्हणून आदराने मांडून ठेवण्यात आपल्या पंडितांना अडचण वाटली नाही. आत्मा नाकारल्याने कोणाची दक्षिणा बुडत नव्हती. दादोबांच्या सात कलमांपैकी मात्र एकेक कलम कोणा ना कोणाच्या वतनावर घाला घालणारे होते. ईश्वर एकच म्हटल्यावर भुव्याचे काय, विचाराचे स्वातंत्र्य दिल्यावर गुरूचे काय, मनुष्याची जात एक ठरल्यावर पंचांचे काय, आणि ज्ञान सर्वांस दिल्यावर शास्त्र्याचे काय, हे प्रश्न ज्यांचे त्यांना बरोबर उमगले. ‘धर्मविवेचन’ छापून निघण्यास पंचवीस वर्षे जावी लागली, आणि 1868 साली ते निघाले तेव्हाही कर्त्याचे नाव ‘एक जगद्वासी आर्य’ एवढेच होते. दादोबा तोवर रावबहादूर झालेले होते, डेप्युटी कलेक्टरी करून झालेले होते. सरकारदरबारी एवढी प्रतिष्ठा असलेल्या माणसालाही नाव घालण्याचे धैर्य झाले नाही, यावरून त्या वेळच्या बहिष्काराच्या धारेची कल्पना येते.

सभेच्या मर्यादेविषयीही बोलले पाहिजे. तिच्या स्थापनेला सव्वादोन महिने झाले नाहीत तोच, 29 ऑगस्ट 1844 रोजी, सुरतेत मिठाचा दंगा झाला. सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला, दुकाने बंद झाली, हजारो माणसे रस्त्यावर उतरली आणि सरकारला वाढ काही अंशी मागे घ्यावी लागली. ज्या गावातील रयत आठ आण्यांच्या जुलमाविरुद्ध एवढ्या त्वेषाने उठली, तीच रयत भुव्याच्या आणि पंचांच्या जुलमापुढे मान तुकवून राहिली. याचे खापर केवळ तिच्या अज्ञानावर फोडणे मला न्याय्य वाटत नाही. मिठाचा जकातदार परका होता. नातीचा पटेल चुलता-मामा होता. शिवाय ज्या बाईचे मूल तापाने फणफणले आहे तिला भुवा हाकेच्या अंतरावर मिळे, आणि डॉक्टर मिळत नसे. मेहताजींनी भुव्याचे ढोंग उघडे केले, हे उत्तमच झाले. त्याच्या रिकाम्या झालेल्या ओट्यावर कोणाला बसवावयाचे, याची तजवीज त्यांच्यापाशी नव्हती. सभेतील मंडळी सरकारी पगारी, लिहिती-वाचती आणि बहुतांशी वरिष्ठ जातींची होती, ही गोष्टही विसरता येत नाही.

1846 साली दादोबांची मुंबईस नेमणूक झाली आणि सभेचा कणा मोडला. मेहताजी आणखी काही वर्षे सुरतेत होते. 1852 मध्ये ते राजकोटास गेले. त्यांच्या लौकिकाला खरा धक्का बसला तो मात्र बदलीने नव्हे. विधवाविवाहाचा उच्चरवाने पुरस्कार करणाऱ्या या विधुराने पुनर्विवाहाची वेळ आली तेव्हा नातीतील एका कुमारिकेशीच लग्न लावले. विरोधकांना याहून गोड मेजवानी ती कोणती? ज्याच्यापुढे एकाही मांत्रिकाची मात्रा चालली नाही, त्याच्यावर नातीची चालली. पुढे रानड्यांच्या आयुष्यात हीच कथा जवळजवळ अक्षरशः पुन्हा घडली, म्हणून मेहताजींना एकट्यालाच दोष देणे अनुदारपणाचे होईल. पण दोष नाहीच असेही म्हणवत नाही.

सुरतेचा अनुभव गाठीस बांधून दादोबा मुंबईस आले, आणि 1849 साली परमहंस सभा निघाली ती गुप्त. सुरतेची सभा उघड्या दाराने भरत असे. मुंबईची सभा बंद दाराआड भरू लागली. सभासद होऊ इच्छिणाराने प्रार्थना करावी, जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञा करावी आणि ख्रिस्ती भटारखान्यातील पावाचा तुकडा सर्वांसमक्ष खावा, असा दीक्षाविधी होता. आज जो पाव मुंबईचा गरीब मनुष्य वड्याबरोबर रोज खातो, त्याचा एक घास त्या काळी मनुष्याला जातीतून उठवण्यास पुरेसा होता. सभा विचारांच्या भारामुळे बुडाली नाही. 1860 साली सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, नावे फुटणार अशी आवई उठली आणि मंडळी पांगली. नुसत्या यादीच्या भयाने सभा मोडते, हे त्या यादीपलीकडे उभ्या असलेल्या सत्तेचे मोजमाप आहे. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी 1867 साली प्रार्थना समाज स्थापन झाला तो मग बेताबेताने, कोणास न दुखवता, पाव न खाता चालला; आणि म्हणूनच टिकला, असे म्हणण्यास हरकत नाही.

परमहंस सभेची वही चोरीस गेली त्याच 1860 साली मुंबईत दुसरे एक प्रकरण पेटत होते, आणि त्याचे मूळही सुरतेत होते. वल्लभ संप्रदायाचे आचार्य जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज सुरतेहून मुंबईस आले. त्या ऑगस्टात मेहताजींच्या शाळेत शिकलेला नर्मद त्यांच्याशी विधवाविवाहावर जाहीर वादास उभा राहिला. वाद मूळ प्रश्नापर्यंत पोहोचलाच नाही. शास्त्रे ईश्वरकृत आहेत हे आधी मान्य करा, असा महाराजांचा आग्रह पडला, आणि नर्मदाने ते मानले नाही. सत्तावीस वर्षांचा हा सुरती नागर एकटा, आणि समोर भाविकांचा जमाव. नर्मदाच्या काव्यापेक्षा मला त्याचा हा नकार मोठा वाटतो.

त्यानंतर 21 ऑक्टोबर 1860 च्या ‘सत्यप्रकाश’ पत्रात करसनदास मूळजी यांनी महाराजांच्या आचरणावर लेख लिहिला आणि महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. 25 जानेवारी 1862 रोजी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सॉस आणि अर्नोल्ड यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. या खटल्यातील शृंगारिक तपशिलांची चर्चा आजवर इतकी झाली आहे, की त्यात दडलेला जमाखर्च दुर्लक्षित राहिला. वैष्णव व्यापाऱ्यांच्या पेठेत प्रत्येक मालाच्या सौद्यावर महाराजांच्या नावाने ‘लागा’ नावाची पट्टी बसत असे. कापूस असो, धान्य असो, साखर असो, सौदा झाला की ठरीव हिस्सा हवेलीच्या, म्हणजे संप्रदायाच्या मंदिराच्या, खाती जमा होई. खरेदीदार वैष्णव नसला तरी किंमत चुकती करताना ती पट्टी त्याच्या खिशातून जाई, आणि ती ना सरकारी दप्तरात दिसे ना पावतीवर. मिठावरच्या सरकारी कराविरुद्ध दंगा करणारे व्यापारी हा कर निमूटपणे भरीत, कारण तो न भरणाऱ्याचा माल महाजन उचलत नसे. इतकेच नव्हे, महाराजांना कोर्टात साक्षीस ओढू नये म्हणून वैष्णव पुढाऱ्यांनी एका कराराखाली सह्या गोळा केल्या होत्या. करसनदासांनी त्यास गुलामीखत असे नाव दिले. धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, तुम्ही कशाला नाक खुपसता, असे अश्रद्धाला नेहमी विचारले जाते. लागा भरणाऱ्या परधर्मी गिऱ्हाइकाने त्याचे काय उत्तर द्यावे?

खटल्यात साक्षी देणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी होते. गोमंतकातील मांद्र्याचा हा मराठी वैद्य. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत तयार झालेला. ज्यांचा देह भक्तांच्या दृष्टीने साक्षात कृष्णाचा, त्या महाराजांच्या रोगोपचाराविषयी वैद्याने शपथेवर कोर्टात सांगितले. देवाचा अवतार आणि ज्याची नाडी पाहता येते असा मनुष्य, या दोन कल्पना एका पिंजऱ्यात समोरासमोर उभ्या राहण्याचा असा प्रसंग आपल्या इतिहासात दुसरा क्वचितच सापडेल. 22 एप्रिल 1862 रोजी निकाल झाला. करसनदास निर्दोष ठरले व महाराजांनी त्यांना खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये द्यावे असा हुकूम झाला. करसनदासांनाही नास्तिक म्हणत; ते आपला पक्ष मात्र प्राचीन वैदिक धर्माच्या बाजूने मांडीत होते. परक्या सरकारच्या कोर्टात आपल्या धर्माचा निवाडा का करून घ्यावा, हा आक्षेप तेव्हाही निघाला. त्याला माझे उत्तर असे, की फिर्याद महाराजांनी लावली होती. करसनदासांनी नुसता जबाब दिला.

या साऱ्या मंडळींचा उत्तरकाळ मोठा विलक्षण आहे. ज्या नर्मदाने ‘दांडियो’ पत्रातून 1864 पासून रूढीवर कोरडे ओढले आणि पुढे स्वतः एका विधवेशी विवाह केला, तोच आयुष्याच्या अखेरीस प्राचीन आर्यधर्माकडे वळला. त्याच्या ‘धर्मविचार’ या ग्रंथात सुधारकांचीच झडती आहे. दादोबांनी मोरोपंतांच्या ‘केकावली’वर ‘यशोदा पांडुरंगी’ टीका लिहिली आणि म्हातारपणी स्वीडनबोर्ग या स्वीडिश गूढवाद्याच्या ग्रंथांत ते रमले. सनातन्यांनी याचा अर्थ पश्चात्ताप असा लावला. मला तो तसा वाटत नाही. मूठ मारून दाखव असे म्हणणाऱ्याने पुढे देव मानला म्हणून मुठीत सामर्थ्य येत नाही. दादोबांची श्रद्धा आरंभीही होती आणि शेवटीही होती. त्यांचा वाद श्रद्धेच्या मुखत्याराशी होता. निखळ निरीश्वरवाद मराठीत उघडपणे उभा राहिला तो पुढे आगरकरांच्या ‘सुधारका’त, 1888 नंतर, आणि पुण्याने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढून आपला अभिप्राय नोंदवला.

पण सुरतेकडे परतू. मेहताजींचे चरित्रकार महीपतराम 1860 साली शिक्षणखात्याच्या कामी विलायतेस गेले आणि परत येताच नातीने त्यांना वाळीत टाकले. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले नाही त्यास सांगून कळणार नाही. न्हावी हजामतीस येत नाही, उपाध्या श्राद्धास येत नाही, ज्ञातिभोजनाचे बोलावणे दारावरून पुढे जाते, मुलीचे स्थळ मोडते, माहेरवाशीण बहीण बापाच्या घरी पाणी पिऊ शकत नाही, आणि मरण आले तर प्रेत उचलण्यास चार माणसे जमवावी लागतात. यात कोठेही शास्त्रार्थ नाही, प्रतिपक्षाचे खंडन नाही. पुराव्याची मागणी करणाऱ्याला उत्तर म्हणून त्याच्या मुलीचे लग्न अडवणे आहे. महीपतरामांनी काही वर्षे तग धरला आणि शेवटी प्रायश्चित्त घेतले. त्यांना भित्रे म्हणणारांनी आधी आपल्या मुलींची लग्ने आठवावीत.

वाळीत टाकण्याचा हा अधिकार केवळ हिंदूंच्या नातीपुरता नव्हता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंची गादी दीर्घकाळ सुरतेत होती. झांपा बाजारातील देवडी आणि तेथील विद्यापीठ ही आजही त्या समाजाची मोठी ठिकाणे आहेत. त्या समाजातही सुधारणावाद्यांना बहिष्काराला तोंड द्यावे लागले. 1949 साली मुंबई राज्याने, म्हणजे सुरत ज्यात मोडत होती त्याच राज्याने, जातिबहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. त्यास बोहऱ्यांच्या धर्मगुरूंनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि 1962 च्या जानेवारीत, महाराजांच्या खटल्याची सुनावणी सुरू झाल्यास बरोबर शंभर वर्षे होत असता, न्यायालयाने बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धर्मकारणास्तव सभासदास बाहेर काढणे हा संप्रदायाच्या कारभाराचाच भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळा निकाल लिहिला. बहुमताच्या विद्वत्तेविषयी पूर्ण आदर राखून मला सिन्हांचे मत अधिक पटते, कारण ज्याला बाहेर काढले त्याचे दफनसुद्धा अडणार असेल, तर तो प्रश्न संप्रदायाच्या कारभाराचा राहत नाही, नागरिकाच्या जिण्याचा होतो. या निकालाचा फेरविचार 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

सुरतेतील परंपरा पुरती खंडित झाली असे मात्र नाही. बारडोलीचे प्राध्यापक रमणभाई पाठक यांनी सुरतेच्या ‘गुजरातमित्र’ दैनिकात वर्षानुवर्षे विवेकवादी सदर चालवले. 1863 साली ‘सुरतमित्र’ म्हणून निघालेल्या त्या पत्राने नर्मदाचा काळही पाहिला होता. सत्यशोधक सभा या नावाची संस्था आज गावात काम करते, आणि जोतीरावांच्या 1873 च्या समाजाशी तिच्या नावाचे साम्य मराठी वाचकाला सुखावणारे आहे. विद्यापीठाला वीर नर्मदाचे नाव दिलेले आहे. दुर्गाराम मेहताजींचे नाव त्या मानाने कमी ठिकाणी दिसते. दादोबांचे तर सुरतेत कोणास आठवत असेल असे वाटत नाही. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी 1947 साली संपादून प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातील किती ग्रंथालयांत ते आज मिळेल, याविषयी मी फारसा आशावादी नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यावर महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. 2016 मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धही स्वतंत्र कायदा केला. गुजरातच्या विधानसभेने नरबळी, अघोरी प्रथा आणि काळी जादू यांविरुद्धचा कायदा संमत केला तो 2024 च्या ऑगस्टात, म्हणजे मेहताजींनी मांत्रिकांना सभेत बोलावल्यास एकशे ऐंशी वर्षे होत आली तेव्हा; त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो भुव्यांपुरता आहे. नातीने वाळीत टाकलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.